नंबर आपणहून द्यावा

‘समोरचा विचारेपर्यंत थांबू नका. आपला नंबर आपणहून द्या.’ हे ज्ञान मला मिळालं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षात. बुलढाण्यातल्या एका हॉटेलचा थंडगार हॉल, मागच्या बाजूनं येणारा पनीरचा वास आणि समोर पुण्याहून आलेला एक टायवाला तरुण. विषय होता नेटवर्किंग. म्हणजे धंद्यासाठी माणसं कशी जोडावी आणि जोडलेली माणसं धंद्याला कशी लावावी. ऐकायला बसलेले आम्ही सगळे शेतीच्या पाण्याच्या मोटारी विकणारे, गावोगाव मोटरसायकल हाणून मणके झिजवलेले लोक. आपणहून नंबर देत फिरतो तो विमा एजंट, एवढं आमच्यातल्या नवख्यालाही ठाऊक होतं.

त्यानं पहिला सराव दिला. शेजाऱ्याकडे वळा आणि तीस सेकंदांत आपली ओळख करून द्या. माझ्या शेजारी जो बसला होता, त्याच्या लग्नात मी पंगतीत बुंदी वाढली होती. मी त्याला माझं नाव सांगितलं. त्यानं मला त्याचं सांगितलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं तो म्हणाला, समजा तुम्हाला लिफ्टमध्ये मोठा ग्राहक भेटला, तर वरचा मजला येईपर्यंत तुमची छाप पडली पाहिजे. आमच्याकडे लिफ्ट म्हणजे रस्त्यात हात दाखवणाऱ्याला गाडीवर मागं बसवणं. त्यात अख्खा राजूर घाट हाताशी असतो, आणि घाट उतरेपर्यंत तो माणूस भावकीतल्या भांडणापासून स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. छाप पाडायची तर आपण फक्त ‘हो ना, हो ना’ करायचं असतं. हे मी तिथं बोललो नाही. बोललो असतो तर पुढं बोलावून हातात माइक दिला असता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडं सांगतो. कंपनी मोटार बनवते, दुकानदार ती विकतो आणि शेतकरी ती विहिरीत सोडतो. पण कोणती घ्यायची हे यांच्यापैकी कोणीच ठरवत नाही. ते ठरवतो मिस्त्री. आमच्याकडची लाईन, म्हणजे वीज, कधी कमी दाबानं येते, कधी तीनातला एक फेज गडप होतो, आणि पाण्यातली मोटार जळते. मग चार माणसं लावून ती वर ओढायची आणि मिस्त्रीकडे न्यायची. तो आतली जळालेली तांब्याची तार उपसून नवी भरतो, त्याला वायंडिंग म्हणतात. हरभरा घाट्यावर, म्हणजे दाणा भरायला आलेला असताना ज्याची मोटार जळाली तो माणूस मिस्त्रीच्या दारात जसा बसतो तसा दवाखान्यातही बसत नाही. अशा वेळी मिस्त्री तोंडातला तंबाखू थुंकून सहज म्हणतो, ‘पुढच्या वक्ती ही कंपनी घेऊ नोका.’ झालं. आमची सगळी गुळगुळीत माहितीपत्रकं भज्याच्या गाडीवर जातात. म्हणून मोटारवाल्याला दुकानदार नंतर आणि मिस्त्री आधी सांभाळावा लागतो.

अमडापूरचा माझा मिस्त्री म्हणजे सुखदेव. पुढं दुकान, मागं घर, आणि त्या घरात त्याची माय गयाबाई. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही नवा होतो. बॅग उघडली, पत्रक काढलं आणि आमच्या मोटारीचे गुण गायला लागलो. आतून आवाज आला, ‘जेवला काय रे बाबू?’

‘काम झालं की जेवतो, माय.’

‘काम कुठी पयून जाते काय? तुही मोटार जळली तं माहं पोरगं भरून देईन. पोट जळलं तं कोन भरून देते?’

मी आत गेलो आणि भाकर-ठेचा खाल्ला. मराठ्याचा माणूस बौद्ध वस्तीत जेवतो म्हणून चौकातल्या काही प्रतिष्ठितांनी भुवया वर केल्या. त्यांच्या भुवयांनी माझी एकही मोटार कधी विकली नाही, तेव्हा मी तिकडे पाहिलंही नाही. पुढं अमडापूरचा फेरा म्हटलं की गयामायच्या घरची भाकर हे ठरूनच गेलं. मी दारात गाडी लावली की ती सुनेला हाक मारायची, ‘कंपनीवाला आला वं, तवा ठेव.’ माझं नाव दिनकर आहे हे तिला बहुतेक शेवटपर्यंत माहीत नव्हतं. सुखदेव मला दिनकरभाऊ म्हणायचा आणि मी त्याला ‘अबे सुखदेव’. मोटार खराब निघाली तर तो मला माझ्या कंपनीसकट शिव्या घालायचा आणि मी त्या खाली मान घालून ऐकायचो, कारण बहुधा त्या बरोबर असायच्या. आदरणीय, सन्माननीय वगैरे आमच्यात कधी झालं नाही.

माणसं जोडली की फायदाच होतो, असं त्या टायवाल्याचं म्हणणं. त्याला मी एकदा रोहिणखेडला न्यायला हवं होतं. तिथल्या तुळशीराम पाटलांना विहिरीसाठी मोठी मोटार घ्यायची होती, आणि घरात मुलगी लग्नाची होती. आमच्यासारखा फिरस्ता माणूस चार तालुक्यांतली घरं आतून-बाहेरून ओळखतो, म्हणून सोयरिकीची चौकशी आमच्याकडेच होते. मी मोटारीचा विषय काढला की तुळशीराम म्हणायचे, ‘मोटारीचं पाहू मंग. आधी मले वडनेरच्या पोराचं सांगा.’

वडनेर भोलजीचा तो पोरगा म्हणजे आमचे तिथले सगळ्यात मोठे दुकानदार वसंतराव यांचा सख्खा पुतण्या. वसंतरावांनी मला आधीच गाठून ठेवलं होतं. ‘दिनकरराव, आपल्या घरचीच गोष्ट हाय. तुमाले कोनी इचारलंच तं दोन शब्द चांगले टाकजा.’ पोरगा दिवस मावळला की कुठं बसलेला असतो, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्याला माहीत होतं. आता बघा, नेटवर्किंगच्या पुस्तकाप्रमाणे ही सोन्यासारखी संधी. एक होकार दिला की रोहिणखेडला मोटार खपते आणि वडनेरला दुकानदार खूश. मी तुळशीरामांना म्हणालो, ‘पाटील, मोटार माझी घ्या, पण पोरगी तिथं देऊ नका.’

त्यांनी निम्मं ऐकलं. पोरगी दिली नाही, आणि मोटार घेतली ती मेहुण्याच्या दुकानातून, दुसऱ्याच कंपनीची. वर मला चहा पाजून सांगितलं, ‘मेहुन्याले नाराज करता येत नाई ना भाऊ.’ तिकडं वसंतरावांपर्यंत कोणी तरी हे पोचवलंच. त्यांनी दुकानावरची आमची पाटी उतरवली आणि हंगामभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी गेलो की ते तोट्या मोजायला लागायचे. साहेबांनी मला फैलावर घेतलं, की वडनेरचा माल का थांबला. काय सांगणार? पुतण्या पितो म्हणून मोटारी खपत नाहीत, हे कारण कंपनीच्या कोणत्या रकान्यात बसवायचं? पुढं त्याच पुतण्यानं भर बाजाराच्या दिवशी वसंतरावांच्या दुकानासमोर स्वतःचा तमाशा करून घेतला. दुसऱ्या दिवशी मला फोन. ‘दिनकरराव, इकडून चालले तं चहा घेऊन जा.’ मी गेलो तर पाटी जागेवर होती. त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही नाही. आमच्याकडे बोलावून पाजलेला चहा पुरतो.

पण मी ट्रेनिंगचं सांगत होतो. त्या टायवाल्यानं जाता जाता आमच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात सगळ्या दुकानदारांच्या आणि मिस्त्र्यांच्या जन्मतारखा भरायच्या, म्हणजे वाढदिवसाला कंपनीकडून घरपोच केक जाईल आणि नातं घट्ट होईल. आम्ही आधार कार्डं पाहून इमानदारीनं तारखा भरल्या. आता आमच्या वयाच्या लोकांचं कसं, की शाळेत नाव घालताना मास्तर बापाला तारीख विचारायचे आणि बाप म्हणायचा, ‘पोयाच्या आंगेमांगे झालता.’ त्या साली पोळा कोणत्या तारखेला होता ते कोण शोधणार? मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. अख्ख्या महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पुण्याहून आलेल्या माणसाला ते कसं ठाऊक नव्हतं, देव जाणे; त्याच्या घरी सगळे दवाखान्यात दाखला घेऊनच जन्मले असावेत.

तर एक जूनला सकाळी केकांनी भरलेला एक टेम्पो बुलढाण्यात येऊन उभा राहिला. कडक ऊन, क्रीम वितळायला लागलेलं, आणि मी टेम्पोत पुढं बसून गावोगाव वाढदिवस वाटत फिरतोय. वसंतरावांच्या दुकानात पेरणीच्या तोंडावरची गर्दी. गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून मी खोकं आत दिलं.

‘हे काय होय?’

‘तुमचा वाढदिवस.’

‘माहा? मी तं होळीचा.’

मागून एक जण म्हणाला, ‘मंग मले द्या, माह्या कार्डावर बी एक जूनच हाय.’ दुसरा म्हणाला, माझ्याही. बघता बघता दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं उत्सवमूर्ती निघाली आणि केक काउंटरवरच संपला. वसंतरावांनी बोट चाटून सांगितलं, की कंपनीला म्हणावं, याच्यापेक्षा माल वेळेवर पाठवा.

अमडापूरला पोचेपर्यंत केकावरचा आमच्या मोटारीचा फोटो ओघळून खाली आला होता. गयामाय खाटेवर बसली होती. ‘कोनाचा वाढदिवस म्हनते हा?’

‘सुखदेवचा, माय.’

‘म्या पैदा केलं आन मलेच मालूम नाई? हा तं दिवाईच्या पाहाटी झालता.’ मग तिनं एक घास खाल्ला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, ‘बरा हाय. पन तू जेवून जाजो.’ या सगळ्या वेडेपणाचा कंपनीच्या मासिक अहवालात ‘एकाच दिवशी विक्रमी संपर्क’ असा गौरव झाला आणि मला एक चौकटीतलं सर्टिफिकेट मिळालं. त्यावर रिलेशनशिप चॅम्पियन असं लिहिलेलं आहे. ते आमच्या घरी गव्हाच्या कोठीमागं असेल.

निवृत्त झालो तेव्हा शाल, नारळ, भाषणं झाली. शेवटी नवे साहेब बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘सर, तेवढं सिम जमा करायचं राहिलं.’ मोबाइल आल्यापासून माझ्याकडे तोच एक नंबर. तो कंपनीचा आहे हे मी विसरूनही गेलो होतो. जळालेली मोटार, मोडलेली सोयरीक, तेरवीचं जेवण, दवाखान्यात रक्त हवंय, कॉलेजात ओळख आहे का, सगळं त्याच नंबरवर यायचं. मी म्हणालो, हा माझ्या नावावर करून द्या, हवं तर पैसे कापा. ते हसले. ‘सर, तुमचं एवढं मोठं नेटवर्क या नंबरला जोडलेलं आहे. तो तर कंपनीचा ठेवा आहे.’ मी सिम काढून टेबलावर ठेवलं. बोटभर प्लास्टिकही नाही, पण त्या दिवशी मला जे वाटलं ते शाल-नारळाच्या वेळी वाटलं नव्हतं. माझ्या जागी आलेल्या ओंकार नावाच्या पोरानं ते उचलून आपल्या फोनमध्ये घातलं.

मी नवं सिम घेतलं. बायको, मंगला, म्हणाली, ‘लोकाईले नंबर कळवा.’

‘मी काय विमा एजंट आहे? जे माझे आहेत ते शोधत येतील.’

‘अन् नाई आले तं?’

‘मग ते कंपनीचे होते.’

मोठ्या तोऱ्यात बोललो खरा. पण फोन वाजेना. वाजला तर मुलीचा, नाही तर कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या कोण्या बाईचा. मंगला स्वयंपाकघरातून विचारायची, कोण होतं, आणि मी सांगायचो, कर्जवाली. मला रोज सकाळी एकच गोष्ट खात होती. इतकी वर्षं मी ज्यांच्या घरात जेवलो, ज्यांच्या शिव्या खाल्ल्या, ती माणसं माझी होती की त्या नंबरची? नेटवर्किंगवाल्यांना मी आयुष्यभर हसलो, आणि अखेर माझंही तेच निघालं की काय? या विचारानं मी चिडचिडा झालो. ओळखीच्या कोणाकडे जावं तर वाटायचं, आता मोटार नाही हातात, हा कशाला आला म्हणतील. म्हणून तेही सोडलं.

एक दिवस बुलढाण्याच्या बाजारात वसंतराव भेटले. सुखदेव वायंडिंगची तार त्यांच्याच दुकानातून न्यायचा, त्यामुळे दोघांची ओळख जुनी. नेहमीसारखं बोलले आणि निघता निघता म्हणाले, ‘अमडापूरले जाऊन आले असान ना? सुखदेवची माय गेली.’

‘कधी?’

‘मालूम नाई तुमाले? आठ-दहा दिवस झाले. उद्या पुण्यानुमोदन हाय तिचं. म्या तं मातीले गेलतो. सारे इचारत होते, दिनकरराव दिसले नाई म्हून.’

दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्धांकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी आणि मंगला अमडापूरला गेलो. दुकानासमोर मंडप होता, आत वंदना चालू होती. मंडपाच्या कडेला आचारी ज्या फ्लेक्सवर कांदे चिरत बसला होता त्यावर आमच्या कंपनीची भली मोठी मोटार आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी अक्षरं होती. मधोमध एक चौकोनी भोक होतं. सुखदेवनं त्यातला मायचा फोटो तेवढा कापून घेतला होता. तो फुलांच्या हारात समोर ठेवलेला होता. नव्या पोरानं नातं घट्ट करायला फ्लेक्स पाठवला असणार. मंगला बायकांत जाऊन बसली. मी फोटोला फूल वाहिलं आणि मागं येऊन उभा राहिलो.

वंदना आटोपल्यावर सुखदेव जवळ आला. ‘जय भीम, भाऊ,’ म्हणाला, पण नजर दुसरीकडे. ‘मातीले आले नाई.’

‘मला कळलंच नाही रे.’

‘म्या मेसेज टाकला होता.’

त्यानं फोन माझ्या हातात दिला. जुन्या नंबरला त्यानं लिहिलं होतं, ‘भाऊ, माय गेली. दुपारी माती हाय. या.’ आणि त्याखाली लगोलग आलेलं उत्तर. ‘आदरणीय सुखदेवजी, आपल्या संदेशाबद्दल आभार. आपण आमच्या परिवाराचे मोलाचे सदस्य आहात. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’ हे त्या पोरानंही लिहिलं नव्हतं. ते मशीन आपलं आपण लिहितं. मला शरमेनं वर बघवेना.

‘हे मी नाही लिहिलं, सुखदेव.’

‘मालूम हाय. तुमी मले आदरनीय कवा म्हनलं?’

त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मनात आलं, संपला प्रश्न, माणूस माझाच होता. पण सुखदेवचं बोलणं संपलं नव्हतं.

‘त्या नव्या पोराले म्या तुमचा नवा नंबर मांगतला होता. तो म्हने, सरनं कोनालेच देल्ला नाई. वसंतरावले इचारलं, त्याईच्याजोळ बी नाई. मंग म्या म्हनलं, राहू दे. भाऊले आता आपलं लचांड नसन पायजे. नोकरी होती तवर आले.’

‘असं कसं म्हणतोस? तू घरी यायचं ना. घर माहीत होतं तुला.’

‘तुमाले बी माहं दुकान मालूम होतं.’

तरीही मी विचारलं, आणि विचारताना माझी पांढरपेशी भाषा कुठल्या कुठं गेली. ‘मंग तो नंबर माहा नाई हे ठाव होतं, तं त्याच्यावर मेसेज काऊन टाकला बे?’

सुखदेवनं खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला. ‘माय म्हनत होती. शेवटी शेवटी रोज इचारे, तो कंपनीवाला काऊन येत नाई? आला काय? त्याले सांग, तवा ठेवला हाय म्हना. म्या तिले सांगो, येते येते, कामात हायेत. मंग ती गेल्यावर म्हनलं, आता तरी टाकून पाहू. जुना तं जुना.’

पंगत बसायला लागली होती. गयामायची सून आली आणि म्हणाली, ‘भाऊजी, जेवून घ्या.’ मी हो म्हणालो आणि तसाच उभा राहिलो. त्या टायवाल्यानं शिकवलेलं सगळं मी आजही कचऱ्यातच टाकतो. लिफ्टही, केकही, तीस सेकंदांची ओळखही. फक्त त्याचं पहिलं वाक्य मला आता कुठंच टाकता येत नाही.

मी सुखदेवचा फोन त्याच्या हातात परत दिला. ‘घे, लिही,’ म्हणालो आणि एकेक आकडा सांगू लागलो. त्यानं मागितला नव्हता.